कबर क्रमांक ५८१ मधल्या बाईला दाढी लावू नका : एका बालपुस्तकाच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
संपादक मंडळ आणि प्रकाशक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या संस्थेचं आणि पुस्तकाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्या घरात ते पुस्तक आहे त्यांना ते ओळखू येईल, आणि मला तुमची बदनामी करायची नाही, चूक दुरुस्त करून हवी आहे. दोन पत्रं पाठवली, तीन वेळा फोन केला. उत्तर एकच मिळालं, "आता छापून झालंय." दुसऱ्या आवृत्तीची तयारी सुरू झाल्याचं कळलं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

जगातल्या योद्ध्यांवरचं तुमचं सचित्र पुस्तक घरी आलं त्या दिवशी माझी अकरा वर्षांची भाची आली होती. तिने आधी शेवटचं पान उघडलं, कारण तिथे ‘तज्ज्ञ सल्लागार’ म्हणून तिच्या आत्याचं नाव होतं. मग वायकिंगांचं, म्हणजे उत्तर युरोपातल्या त्या दर्यावर्दी लढवय्यांचं, प्रकरण काढलं. लाकडी खोलीसारखी कबर, पायाशी दोन घोडे, बाजूला तलवार, कुऱ्हाड, ढाली, मांडीवर सोंगट्या, आणि मधे पिंगट दाढीचा धिप्पाड पुरुष. खाली ओळ : ‘बिर्का येथील वायकिंग सेनानी’. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, ही तर बाई आहे असं तू सांगितलं होतंस ना?"

सांगितलं होतं. तिला आणि तुम्हालाही. मुद्रितं तपासताना मी त्या पानाच्या समासात पंधरा ओळी लिहिल्या होत्या. त्या गाळल्याचं मला कुणी कळवलं नाही. फोनवर कारण कळलं : विषय वादग्रस्त आहे, पालक विचारतील, मुलांचा गोंधळ होईल. ते कारण मला मान्य नाही, आणि का नाही ते नीट मांडते.

स्टॉकहोमच्या पश्चिमेला मेलारेन सरोवरात ब्यॉर्को नावाचं बेट आहे. आठव्या शतकाच्या मध्यापासून दहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथे बिर्का हे व्यापारी शहर नांदत होतं. भोवताली कबरींचे उंचवटे आहेत, तीन हजारांच्या आसपास. याल्मार स्टोल्पे या स्वीडिश संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत त्यांतल्या सुमारे अकराशे उघडल्या आणि प्रत्येकीच्या काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या. १८७८ साली त्याला शहराच्या कडेला, सैनिकांच्या तळाजवळ, दहाव्या शतकातली एक कबर मिळाली. तिचा क्रमांक ५८१. आत तलवार, कुऱ्हाड, भाला, चिलखत भेदणारे बाण, लढाईचा सुरा, दोन ढाली, एक घोडा, एक घोडी, आणि पटासकट सोंगट्यांचा पूर्ण संच. मृत व्यक्तीला बहुधा बसवून पुरलेलं. असा भरगच्च शस्त्रसंच बिर्कात क्वचितच सापडतो. तो पाहून सगळ्यांनी ठरवलं की हा मोठा योद्धा, आणि योद्धा म्हणजे पुरुष. पुढची शंभराहून जास्त वर्षं वायकिंग योद्ध्याची कबर कशी असते हे सांगायला हीच कबर दाखवली गेली. तुमच्या चित्रकारालाही तिचंच चित्र काढावंसं वाटलं, यात नवल नाही.

हाडं मात्र वेगळं सांगत होती. १९७०च्या दशकातच ती पाहणाऱ्यांनी स्त्रीची असावीत असं नोंदलं होतं, ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे आना शेल्स्ट्रॉम यांनी ती पुन्हा तपासली. कमरेच्या हाडातली मोठी खाच रुंद, हातापायांची लांब हाडं सडपातळ, वय तिशीच्या पुढचं. माझं कामच हाडांचं आहे. कमरेचं हाड चांगलं टिकलेलं असेल तर ते तुमच्या-माझ्या मताची वाट बघत नाही. २०१७मध्ये शार्लोट हेडेनस्टीएर्ना-यॉनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात आणि दंडाचं हाड यांतून काढलेल्या डीएनएचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही नमुने एकाच व्यक्तीचे, आणि पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्राचा पत्ता नाही. १८७८ ते २०१७ म्हणजे एकशे एकोणचाळीस वर्षं. इतकी वर्षं ती पुरुष म्हणून राहिली आणि आता तुम्ही तिला पुन्हा दाढी लावलीत.

माझी पहिली तक्रार या दाढीची आहे, आणि इथे थोडं थांबते, कारण ‘वादग्रस्त’ हा शब्द तुम्ही फार सहज वापरलात.

वाद आहे, पण तो कशाबद्दल आहे ते तुम्ही पाहिलं नाहीत. ही हाडं स्त्रीची आहेत का, याबद्दल आज गंभीर वाद उरलेला नाही. आधी शंका निघाली होती की जुन्या पेट्यांत हाडांची सरमिसळ झाली असेल. २०१९मध्ये संशोधकांनी स्टोल्पेच्या नोंदी, रेखाटनं आणि हाडांवरचे क्रमांक जुळवून तिचं उत्तर दिलं. खरा वाद पुढचा आहे : कबरीत शस्त्रं होती म्हणून ती व्यक्ती लढत होती असं म्हणता येतं का? जुडिथ जेश यांच्यासारख्या, वायकिंग काळातल्या स्त्रियांवर आयुष्यभर काम केलेल्या विदुषीने हा प्रश्न विचारला आहे आणि तो रास्त आहे. हाडांवर लढाईतल्या जखमांच्या खुणा नाहीत. शस्त्रं मानाची असतील, घराण्याची असतील, पुरणाऱ्यांनी दिलेली असतील. मला हे सगळं मान्य आहे.

पण मग हाच प्रश्न शेजारच्या कबरींनाही विचारा. बिर्कात ज्या ज्या पुरुषाजवळ तलवार मिळाली त्याच्या हाडांवर जखमा आहेत का, हे कुणी आधी तपासलं होतं? त्याला योद्धा म्हणताना कुणी ‘कदाचित घराण्याची तलवार असेल’ असं लिहिलं? ५८१ क्रमांकाची व्यक्ती पुरुष समजली जात होती तोवर तिचं योद्धेपण वादग्रस्त नव्हतं. ती स्त्री ठरली आणि शस्त्रं एका रात्रीत शोभेची झाली. वस्तू त्याच, नोंदी त्याच, मोजपट्टी तेवढी बदलली. मोजपट्टी एकच ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे. तलवार पुरेसा पुरावा नसेल तर त्या प्रकरणातल्या सगळ्या योद्ध्यांपुढे ‘बहुधा’ लिहा. पुरेसा असेल तर तिलाही योद्धा म्हणा.

यात माझं काय अडतं, हेही सांगते. शिकत असताना विदर्भात एका शिळावर्तुळाच्या उत्खननावर होते. त्या लोहयुगीन दफनांत लोखंडी शस्त्रं मिळतात, घोड्यांचे दागिने मिळतात. एका सकाळी मातीतून भाल्याचं पातं वर आलं आणि नोंदवहीत ‘पुरुष’ असं लिहून झालं. कमरेचं हाड तेव्हा अजून मातीतच होतं. दोन दिवसांनी ते निघालं ते इतकं भुसभुशीत, की त्यावरून काहीच ठरवता आलं नाही. वहीतला ‘पुरुष’ मात्र तसाच राहिला. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, बोलले नाही. आज ती वही कुठे आहे मला माहीत नाही, पण तिच्या आधाराने कुणी तक्ता केला असेल तर त्यात एक पुरुष जास्त आहे. उत्तर युरोपातही बराच काळ असंच चाललं. हाडं विरघळून गेलेली असत, म्हणून वस्तूंवरून ठरवायचं : छातीवर अंडाकृती ब्रोचची जोडी असेल तर बाई, शस्त्र असेल तर पुरुष. मग त्याच तक्त्यांवरून निष्कर्ष काढायचा की बायकांजवळ शस्त्रं नसत. शस्त्र असलेली प्रत्येक बाई आधीच पुरुषांच्या रकान्यात गेलेली असे, तर ती सापडणार कुठून?

दुसरी तक्रार याच प्रकरणातल्या चौकटीबद्दल. ‘वायकिंग स्त्रिया’ या मथळ्याखाली तुम्ही सहा ओळी दिल्या आहेत. त्या स्वयंपाक करत, मुलं सांभाळत, कापड विणत आणि पुरुष परत येण्याची वाट बघत.

विणत होत्या, खरं आहे. पण काय विणत होत्या ते लिहा ना. ज्या जहाजांमुळे वायकिंग हा शब्द जगाला माहीत झाला, त्या जहाजांची शिडं लोकरीची होती. मेंढी कातरायची, लोकर विंचरायची, टकळीवर सूत काढायचं, उभ्या मागावर विणायचं. डेन्मार्कमध्ये जुन्या पद्धतीने जहाजं आणि शिडं बनवून पाहिली, तेव्हा लक्षात आलं की शिडाला लागणारे श्रम जहाज बांधायच्या श्रमांच्या तोडीचे आहेत, किंबहुना जास्तच. हे मुलांना सांगितलंत तर विणणारी बाई वाट बघत बसलेली दिसणार नाही. तिच्या हातांशिवाय जहाज किनाऱ्यावरून हललंच नसतं.

आणि घर सांभाळणं म्हणजे काय, तेही त्या लोकांनी दगडावर कोरून ठेवलं आहे. स्वीडनमधल्या हास्मिरा इथे एका नवऱ्याने ओदिन्दिसा या बायकोसाठी उभारलेला अकराव्या शतकातला, रून या त्यांच्या जुन्या लिपीतला शिलालेख आहे. शेतवाडी चालवायला तिच्याहून चांगली गृहिणी हास्मिराला येणार नाही, असं तो म्हणतो. नॉर्वेतल्या दिना इथल्या शिळेवर गुन्वोर नावाच्या आईने आपल्या मुलीसाठी, आस्त्रिदसाठी, पूल बांधल्याचं कोरलं आहे. सगळ्या हादेलांद प्रांतात हिच्याइतकी कुशल हाताची मुलगी नव्हती, असं आई लिहिते. माझी सर्वांत आवडती शिळा हिलर्श्योची, मेलारेन सरोवरातल्याच दुसऱ्या बेटावरची. गेर्लोग नावाच्या बाईची ती कहाणी आहे. पहिला नवरा बुडाला, मग मुलगा गेला. दुसरं लग्न झालं, त्या मुलांतली एकटी इंगा जगली. इंगाचं लग्न झालं, तिचा नवरा गेला, तिचा मुलगा गेला, मुलाचा वारसा इंगाकडे आला. तिने पुन्हा लग्न केलं, मग तीही गेली, आणि सगळं शेवटी आईकडे, गेर्लोगकडे आलं. कोरणाऱ्याने नावानिशी, क्रमाने, कोण कुणाच्या मागे वारस झालं ते मांडलं आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून बायका किती वर्षं तलाठ्याकडे खेटे घालतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा दगड काय आहे ते समजावून सांगावं लागत नाही. हजार वर्षं तो उघड्यावर आहे आणि तुमच्या सहा ओळींत त्याला जागा मिळाली नाही.

ओसेबर्गचं जहाज तर तुम्ही वेगळ्या पानावर छापलंच आहे, सुंदर छापलं आहे. नॉर्वेत ट्योन्सबर्गजवळ १९०४ साली ते उकरून काढलं. ८३४ साली ते पुरलं गेलं, हे कबरीतल्या लाकडाच्या वलयांवरून कळतं. कोरीव गाडा, घसरगाड्या, माग, रेशमाचे तुकडे, घोडे, असा आजवर मिळालेला सर्वांत श्रीमंत वायकिंग दफनाचा ऐवज त्यात होता. (त्यातल्या एका बादलीच्या कड्यांपाशी मांडी घालून बसलेल्या पितळी आकृती आहेत. नॉर्वेतले लोक तिला ‘बुद्धाची बादली’च म्हणतात, जरी ती आपल्याकडून गेलेली नाही. मराठी मुलांना ती फार आवडली असती.) तुमच्या मजकुरात जहाजाची लांबी आहे, रुंदी आहे, वल्ह्यांची संख्या आहे. ते कुणासाठी पुरलं होतं हे नाही. त्यात दोन स्त्रिया होत्या, एक म्हातारी आणि एक पन्नाशीतली. बाकी कुणी नाही. हे वाक्य कुणाला गोंधळात टाकणार होतं?

तिसरी तक्रार वाचून तुम्हाला वाटेल की मी उलट बाजूला गेले. तरी ती करते. मलपृष्ठावर तुम्ही लिहिलं आहे की वायकिंग समाजात ‘स्त्रिया सर्वार्थाने पुरुषांच्या बरोबरीच्या होत्या’. हेही खोटं आहे. आत बाईची तलवार काढून घ्यायची आणि बाहेर पुस्तक खपावं म्हणून समानता छापायची, हे मला जास्त लागलं.

दहाव्या शतकात स्पेनकडून आलेल्या अल-तार्तुशी या प्रवाशाने हेडेबी या वायकिंगांच्या व्यापारी शहरात पाहिलं की इथल्या बायका स्वतःहून नवरा सोडू शकतात. त्याला ते नोंदवण्यासारखं वाटलं, कारण त्याला ते नवीन होतं. आइसलँडच्या सागांमध्येही, म्हणजे तिथल्या जुन्या गद्यकथांमध्येही, साक्षीदारांसमोर घटस्फोट जाहीर करणाऱ्या बायका भेटतात. औद नावाच्या विधवेने गुपचूप जहाज बांधून घेतलं, नातवंडं आणि माणसं घेऊन आइसलँड गाठलं, आणि स्वतः जमिनी वाटल्या. हे सगळं आहेच. पण त्याच आइसलँडच्या जुन्या कायद्यात बाई न्यायाधीश होऊ शकत नव्हती, आणि तिने पुरुषी कपडे घातले, केस कापले किंवा शस्त्र बाळगलं तर शिक्षा होती. हा कायदा ख्रिस्ती काळात लिहिला गेला, सागासुद्धा घटनांनंतर दोन-तीन शतकांनी लिहिल्या गेल्या, त्यामुळे दोन्ही जपून वाचायला लागतात.

आणि दासी? तुमच्या एकशे चाळीस पानांत हा शब्द एकदाही नाही. बगदादहून निघालेला इब्न फदलान ९२२ साली व्होल्गाकाठी रूस लोकांच्या, म्हणजे पूर्वेकडे गेलेल्या वायकिंगांच्या, एका सरदाराच्या अंत्यविधीला हजर होता. सरदाराबरोबर जहाजात जाळण्यासाठी एका दासीला कसं मारलं, हे त्याने पाहून लिहिलं आहे. मारण्याआधी तिच्यावर काय झालं तेही लिहिलं आहे, आणि तो तपशील मुलांच्या पुस्तकात नको हे मलाही कळतं. पण ती होती, एवढं तर सांगा. आजच्या आइसलँडच्या लोकांचा आईकडून येणारा डीएनए तपासला, तेव्हा साठ टक्क्यांच्या आसपास मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं निघालं. बापाकडचं मात्र बहुतांशी नॉर्वेकडचं. त्यातल्या काही बायका आपखुशीने आल्या असतील. बऱ्याच जणींना पकडून आणलं असणार. तलवारवाली एक आणि बाजारात विकलेल्या अनेक, या एकाच काळातल्या बायका आहेत. ‘सर्वार्थाने बरोबरीच्या’ हे तुमचे शब्द त्या दुसरीला कुठे ठेवतात?

म्हणूनच मी त्या पंधरा ओळींत कुठेही ‘ढालकन्यांच्या, म्हणजे लढणाऱ्या बायकांच्या, फौजा होत्या’ असं लिहिलं नव्हतं. तसा पुरावा नाही. ९७१ साली दोरोस्तोलोनच्या लढाईनंतर रूसांच्या मृतांत चिलखत घातलेल्या बायका सापडल्या असं स्किलिट्झेस हा बायझंटाइन इतिहासकार सांगतो, पण तो शंभर वर्षांनंतर लिहीत होता. डेन्मार्कमध्ये २०१२ साली होर्बी इथे ढाल-तलवार घेतलेल्या बाईची साडेतीन सेंटिमीटरहूनही लहान चांदीची आकृती मिळाली, पण ती वाल्किरी म्हणजे देवलोकातली असू शकते. मी एवढंच लिहिलं होतं की या एका कबरीत योद्ध्याच्या इतमामाने पुरलेली व्यक्ती स्त्री होती, आणि हे कळायला एवढी वर्षं का लागली. मुलांना ही गोष्ट आवडते. भाचीला मी ती सांगितली तेव्हा तिचा एकही प्रश्न गोंधळाचा नव्हता. तिने विचारलं, "मग बाकीच्या कबरी कुणी परत तपासल्या का?" हा प्रश्न संशोधकांनाही पडलेला आहे.

आता मागण्या. दुसऱ्या आवृत्तीत कबर क्रमांक ५८१ चं चित्र बदला. तिचा चेहरा कसा होता ते आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा स्टोल्पेच्या नोंदीवरून केलेलं कबरीचं रेखाटन छापलंत तरी चालेल, दाढी नको. ओळ अशी करा : ‘बिर्का येथील कबर, दहावं शतक. शस्त्रांसह पुरलेली ही व्यक्ती स्त्री होती.’ ओसेबर्गच्या पानावर त्या दोघींचा उल्लेख करा. स्त्रियांच्या चौकटीला निदान दोन पानं द्या, त्यात शिडं, गेर्लोगची शिळा आणि दासी, तिन्ही येऊ द्यात. मजकूर मी विनामोबदला लिहून देईन, किंवा दुसऱ्या कुणा जाणकाराकडून लिहून घ्या, माझाच हवा असा आग्रह नाही. मलपृष्ठावरचं वाक्य काढा. शिल्लक प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी घाला. ज्या शाळांनी पुस्तक वाचनालयासाठी घेतलं आहे त्यांना ती टपालाने पाठवा.

यातलं काही करायचं नसेल तर श्रेयनामावलीतून माझं नाव काढा. मानधनाचा धनादेश मी वटवलेला नाही, या पत्राच्या छापील प्रतीबरोबर तो परत पाठवते आहे. दुरुस्ती झाली तर पुन्हा पाठवा, आनंदाने घेईन.

पंधरा ओळींच्या त्या पानाची छायाप्रतही सोबत जोडली आहे. पहिल्या वेळी ती हरवली असेल तर आता हाताशी राहील. महिनाअखेरपर्यंत उत्तराची वाट बघते.

आपली,
तुमच्या पुस्तकाची सल्लागार
पुणे